पाचपैकी तीन

इंग्रज माणूस रागावला की आधी 'सॉरी' म्हणतो, ही गोष्ट मला कुंदाताई साळव्यांनी शिकवली. बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कात, पाण्याच्या पंपांची कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत, त्यांचं आणि माझं टेबल शेजारीशेजारी होतं. त्या टेस्टिंग विभागात एकतीस वर्षं मुरलेल्या आणि मी पुण्याहून नुकताच आलेला, आपल्याला इंग्रजी येतं अशा गोड गैरसमजात.

पहिल्याच सोमवारी आमचा मॅनेजर नायजेल माझ्या टेबलापाशी आला. "सॉरी निखिल, त्रास देतोय. कधी सवड झाली तर त्या रिपोर्टवर एक नजर टाकशील? अजिबात घाई नाही." किती सज्जन साहेब, असं म्हणून मी तो रिपोर्ट गुरुवारच्या कामांत टाकला. नायजेल वळला, तशी शेजारून एक पिवळी चिठ्ठी सरकत माझ्या कीबोर्डवर आली. तिच्यावर मराठीत लिहिलं होतं : "आत्ता. भयंकर चिडलाय."

मी चक्रावून वर पाहिलं. करड्या केसांच्या, खुर्चीच्या पाठीवर कायम एक निळं कार्डिगन लटकावून ठेवणाऱ्या त्या बाई स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाल्या, "दोनदा सॉरी म्हणाला असता ना, तर एचआरकडे गेला असता. यू गॉट ऑफ लाइटली."

कुंदाताई सहा वर्षांच्या असताना त्यांचे वडील, म्हणजे दादा, नागपूरहून कॉव्हेंट्रीला मोटारींच्या कारखान्यात आले. मराठी घरी बोलून टिकलं, लिहिणं विहारातल्या रविवारच्या वर्गात झालं. त्यामुळे त्यांचं अक्षर दुकानाच्या पाटीसारखं ठसठशीत होतं आणि बोलण्यात पुल्लिंग-स्त्रीलिंग ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलेलं असे. 'माझा खुर्ची कोणी नेला?' असं त्या बिनदिक्कत विचारत. पण माणसं वाचण्यात त्यांची चूक होत नसे. ऑफिसात देवनागरी वाचणारे आम्ही दोघंच, म्हणून पिवळ्या चिठ्ठ्या निर्धास्त फिरायच्या. एकदा नायजेलने कुतूहलाने विचारलं, हे काय आहे? "शॉपिंग लिस्ट," कुंदाताई म्हणाल्या. त्यानंतर भर मीटिंगमध्ये आमच्या शॉपिंग लिस्टा इकडून तिकडे जात राहिल्या आणि त्याबद्दल विचारणं असभ्यपणाचं ठरलं असतं, म्हणून कोणीही विचारलं नाही.

मीटिंगमध्ये कोणी म्हणे, "कल्पना धाडसी आहे." चिठ्ठी यायची : "वेडा म्हणाला." कोणी म्हणे, "माझंच काहीतरी चुकत असेल." चिठ्ठी : "तुझं चुकलंय." महिन्याभरात माझं असं झालं की कोणी नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी मी शेजारी बघायचो.

सोमवार ते गुरुवार त्या चीज-लोणच्याचं सँडविच खात. शुक्रवारी वांग्याची भाजी आणत आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम करण्याआधी सगळ्या विभागाला ईमेल करत : 'आज थोडा वास येईल, आधीच माफी मागते.' लगेच आठ उत्तरं येत, छे छे, काहीतरीच काय, उलट किती छान वास असतो. कुंदाताई उत्तरं वाचत आणि उठून खिडकी उघडत. "आठ जणांनी लिहिलं म्हणजे दोन्ही खिडक्या," असा त्यांचा हिशेब.

ही विद्या त्यांना काही जन्मजात नव्हती. नायजेल नवीन होता आणि त्या तरुण होत्या, तेव्हा एका उन्हाळ्यात तो त्यांना म्हणाला होता, "तू एकदा आमच्याकडे जेवायला यायलाच हवंस." कुंदाताईंना अतोनात आनंद झाला. त्यांनी विचारलं, "या शनिवारी येऊ?"

"त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास," त्या मला म्हणाल्या. "लाइक आय हॅड आस्क्ड फॉर हिज किडनी. डायरी बघतो म्हणाला. डायरी काय सापडली नाही बिचाऱ्याला. मी घरी दादांना सांगून ठेवला होता, साहेबाकडे जेवायला जाणार. दादांनी वाइनची बाटली पण आणून ठेवली. नंतर ते रोज विचारायचे, गेलीस का गं? शेवटी मी सांगितलं, गेले होते, मस्त झाला जेवण."

त्या हसत हसतच सांगत होत्या. मला मात्र ती बाटली डोळ्यांपुढून हलेना. नायजेल आजतागायत दर नाताळच्या सुमारास 'यायलाच हवंस' म्हणत असे आणि कुंदाताई 'हाऊ लव्हली' म्हणत. एकोणीस वर्षं हे आमंत्रण दोन्ही बाजूंनी अत्यंत जिव्हाळ्याने पाळलं गेलं.

अशा या सुखी संसारात अमेरिका आली. ओहायोमधल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीने आमची कंपनी विकत घेतली आणि टॉड नावाचा व्हाइस प्रेसिडेंट आम्हाला भेटायला आला. सहा फूट उंच, दात पांढरेशुभ्र, आणि आवाज असा की पलीकडच्या इमारतीतल्यांनाही आपलं स्वागत झाल्यासारखं वाटावं. कँटीनमध्ये उभा राहून त्याने सांगितलं की आम्ही अफाट आहोत, तो थरारून गेला आहे, आणि ही आमच्या सगळ्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी संधी आहे. मग त्याने टाळ्या वाजवल्या. त्या एकट्याच्याच वाजल्या. बाकी नऊ जण आपापले बूट तपासत होते.

"काही प्रश्न?" टॉडने विचारलं. मग आमचा सर्वांत जुना टेस्टर ग्रॅहॅम घसा खाकरून म्हणाला, "फारच इंटरेस्टिंग." टॉडला हे इतकं भिडलं की त्याने पुढे होऊन ग्रॅहॅमला मिठी मारली. ग्रॅहॅमचे हात विजेच्या खांबासारखे ताठ खाली. हा तोच ग्रॅहॅम, जो एका शुक्रवारी 'जरा प्लंबिंगचं काम आहे' म्हणून लवकर गेला आणि पंधरा दिवसांनी परतला, तेव्हा कळलं की प्लंबिंग हृदयाचं होतं. त्याला मिठी सहन झाली हेच डॉक्टरांचं यश. मी चिठ्ठीची वाट पाहत होतो. कुंदाताईंनी लिहिलं : "हा खरंच बोलतोय. जपून."

पण मी टॉडची फार थट्टा करू नये. त्याच दिवशी लिफ्टमध्ये त्याने कुंदाताईंना विचारलं, "तुझी गोष्ट काय? तुझे वडील काय करायचे?" लिफ्ट तीनच मजल्यांची, पण वर पोहोचल्यावरही दोघं दाराशी बोलत उभे राहिले. नागपूर, कारखाना, विहार, दादांचं जाणं, सगळं त्याने विचारून घेतलं. कुंदाताई टेबलापाशी आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. "निखिल, ही विचारायची पद्धत आहे का? इट्स सो रूड," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "नायजेलला दादांचं नाव पण माहीत नाही."

यथावकाश ओहायोहून एक फॉर्म आला. प्रत्येकाने आपल्या वर्षभराच्या कामाला स्वतःच एक ते पाच असे गुण द्यायचे आणि का दिले ते खाली लिहायचं. पुण्यात मी असले फॉर्म पुष्कळ भरले होते. तिथला शिरस्ता असा की आपण पाच लिहायचे, साहेबाने तीन द्यायचे, मग आठवडाभर रुसून चारवर तोडगा काढायचा. मी इथे येऊन बराच सुधारलो होतो, म्हणून सुरुवातच चारपासून केली.

आमच्या विभागाने मात्र कमाल केली. सगळ्यांनी स्वतःला तीन दिले. ग्रॅहॅमने दोन दिले, खाली लिहिलं : 'सुधारणेला वाव आहे.' नायजेलने लिहिलं : 'फारसं काही बिघडवलं नाही.' कोणी एकमेकांना विचारलं नव्हतं. विचारायची गरजच काय? स्वतःला चार देणारा माणूस म्हणजे बसच्या रांगेत पुढे घुसणारा माणूस. माझे चार बघून कुंदाताईंनी एवढंच म्हटलं, "ब्रेव्ह." चिठ्ठी दिली नाही. तोवर मला भाषांतर लागत नव्हतं.

तिकडे ओहायोत प्रत्येकाने पाच दिले होते. कोणी विभागाचा कायापालट केला होता, कोणी ग्राहकसेवेत क्रांती घडवली होती. त्या देशात एवढे क्रांतिकारक असून पंप वेळेवर का येत नाहीत, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. बेसिंगस्टोकचा टेस्टिंग विभाग, कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्याच म्हणण्यानुसार, सुमार आहे. सबब तो बंद करून काम ओहायोला हलवण्याचा विचार आहे. नायजेलने आम्हाला बोलावून ते वाचून दाखवलं, कागदाची नीट घडी केली आणि म्हणाला, "हे थोडं निराशाजनक आहे." चिठ्ठी आली : "मेलो म्हणतोय." ग्रॅहॅमला निवृत्तीला दोन वर्षं होती, दुसऱ्या एकाकडे जुळी झाली होती. सगळे उठले आणि त्यांनी चहा केला.

कुंदाताईंनी चहा केला नाही. त्यांनी टॉडला फोन लावला आणि बाजूला मी ऐकत होतो.

"टॉड, हे तीन म्हणजे तीन नाहीत. आमच्याकडे स्वतःबद्दल असंच लिहितात."

"पण कुंदा, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय!" टॉडचा आवाज फोनमधून सगळीकडे पसरला. "माणूस स्वतःला वाईट दाखवण्यासाठी खोटं का बोलेल?"

त्याला खरंच कळत नव्हतं. स्वतःला चांगलं दाखवण्यासाठी बोललेलं खोटं त्याच्या ओळखीचं होतं. हे उलटं त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं. पण माणूस भला. त्याने शुक्रवारी पाचपर्यंतची मुदत दिली. प्रत्येकाने आपला फॉर्म नव्याने भरावा, या वेळी खरं लिहावं.

पुढचे चार दिवस कुंदाताईंनी एकेकाला छोट्या मीटिंग रूममध्ये घेतलं. शब्द टाइप करायला मी. ग्रॅहॅमला त्यांनी विचारलं, "मार्चमध्ये तू ते नदीकाठचं पॅनेल परत पाठवलंस. का?"

"काहीतरी विचित्र वाटलं."

"काय विचित्र?"

ग्रॅहॅमने खिडकीबाहेर पाहिलं. अर्ध्या तासाने, दाताच्या डॉक्टरने काढावं तसं, बाहेर आलं की ते पॅनेल तसंच गेलं असतं तर पंप उलटे फिरले असते आणि एका अख्ख्या गावाच्या तळघरांत नदी शिरली असती. कुंदाताई मला म्हणाल्या, "लिही. 'एका गावाला पुरापासून वाचवलं. गुण पाच.'"

ग्रॅहॅमने ते वाचलं आणि कानांपर्यंत लाल झाला, जणू त्याला कोणी टॉवेलवर बघितलं. "कुंदा, मी यावर सही करू शकत नाही. लोक म्हणतील मी कसला माणूस आहे."

"ग्रॅहॅम, हे खरं आहे की नाही?"

"खरं आहे. म्हणूनच तर."

त्यांनी सही करून घेतली. नायजेलला घाम फुटला. 'विभागाचं नेतृत्व केलं' याऐवजी 'नेतृत्वाला हातभार लावला' चालेल का, असं त्याने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा कुंदाताई म्हणाल्या, "व्हॉट अ लव्हली थॉट," आणि मला मराठीत म्हणाल्या, "बदलू नकोस."

शुक्रवारी दुपारी माझ्या लक्षात आलं की एक फॉर्म राहिलाय. "ताई, तुमचा?"

"माझा झाला की."

"बदललात?"

"माझं काय बदलायचं? मला सगळे ओळखतात इथे."

"मी लिहितो ना. दोन मिनिटांचं काम. हा विभाग तुम्ही वाचवलात, एवढं लिहिलं तरी पुरे."

त्या एकदम कडक झाल्या. "निखिल, नको. दादा थर्टी इयर्स त्या लाइनवर होते. शेवटच्या दिवशी फोरमन म्हणाला, यू हॅव बीन ऑल राइट. एवढंच. दादांनी मरेपर्यंत ते सगळ्यांना सांगितला. त्यांनी कधी कोणाकडे शाबासकी मागायला हात पसरला नाही. मी पण नाही पसरणार." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि स्वतःची टिमकी वाजवायची म्हणजे, यू नो, जरा अमेरिकन वाटते."

पाच वाजले. त्यांच्या फॉर्मवर तीनच राहिले. खाली एक ओळ होती : 'नेहमीचं काम केलं. फॉर्म भरायला थोडी मदत केली.'

विभाग वाचला. ओहायोत आमच्या कर्तबगारीने खळबळ उडाली म्हणे. फक्त एक जागा कमी करायची होती आणि ती अर्थातच सर्वांत कमी गुण असलेल्याची. आठ जणांना पाच होते, माझे चार, आणि एकीचे तीन.

टॉडचा फोन आला. "कुंदा, हे नियमाने होतंय, पण तू नुसतं म्हण. तू म्हणालीस की तुला हे मान्य नाही, तर मी वर जाऊन भांडेन. आय मीन इट. तुला हे चालणार आहे का?"

कुंदाताईंनी कार्डिगनचं बटण लावलं. "नो, नो. इट्स परफेक्टली ऑल राइट, टॉड. खरंच. माझी काळजी करू नकोस."

या वाक्याचा अर्थ मला ठाऊक होता. नायजेलला ठाऊक होता, तो दोन टेबलं पलीकडे ताठ बसून राहिला. ग्रॅहॅमला ठाऊक होता. जगात फक्त एका माणसाला तो ठाऊक नव्हता आणि तो नेमका फोनच्या पलीकडे होता. टॉडने मोठा सुस्कारा सोडला. "ओह, थँक गॉड. तू किती ग्रेट आहेस, माहितेय?"

मी हात पुढे करून फोन घ्यायला हवा होता. म्हणायला हवं होतं, टॉड, ही बाई नाही म्हणतेय. एवढंच भाषांतर. एकतीस वर्षं तिने सगळ्यांचं केलं, माझं तर रोज केलं. पण दुसऱ्याच्या फोनमध्ये बोलणं बरं दिसत नाही, असं मला वाटलं. तेव्हा तसं वाटलं, एवढंच सांगतो. आज त्याची लाज वाटते. नंतर कायद्याप्रमाणे एचआरने दोनदा बोलावून विचारलं, काही म्हणायचंय का? कुंदाताई दोन्ही वेळा म्हणाल्या, काही नाही, आणि येताना एचआरच्या मुलीला बिस्किटं देऊन आल्या.

निरोपाचा दिवस शुक्रवारच निघाला. केक, सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड, कुंडीतलं एक रोप. टॉडचा व्हिडिओ कॉल आला. तो उघड उघड रडला, कुंदाताईंना लेजंड म्हणाला, आणि ओहायोला तलावाकाठच्या घरी कधीही राहायला यायला सांगून पत्ताही पाठवला. मग नायजेल उभा राहिला. त्याने छताकडे, धुराचा अलार्म जिथे असतो तिथे, नजर लावली.

"कुंदा इथे बराच काळ होती," तो म्हणाला. "आणि एकंदरीत... तिचा काही त्रास झाला नाही." थांबला. पुन्हा अलार्मकडे पाहिलं. "सॉरी," तो म्हणाला. "सॉरी." आणि खाली बसला.

टेबलावरून पिवळी चिठ्ठी सरकत आली. "रडतोय," एवढंच तिच्यावर होतं. नायजेलने ती पाहिली. "शॉपिंग लिस्ट?" त्याने विचारलं. कुंदाताईंनी मान डोलावली.

मी रोप घेऊन त्यांना गाडीपर्यंत पोहोचवायला गेलो. नायजेलही मागोमाग आला, हात खिशात. "तू एकदा जेवायला यायलाच हवंस," तो म्हणाला.

"हाऊ लव्हली," कुंदाताई म्हणाल्या. तो आपल्या गाडीकडे गेला.

मी विचारलं, "ताई, खरं सांगा. ठीक आहात ना?"

"मी? मस्त. कान्ट कम्प्लेन," त्या म्हणाल्या आणि सीटबेल्ट लावला.

त्यांनी दिलेलाच पिवळ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा माझ्या खिशात होता. मी रोप बाजूच्या सीटवर ठेवलं, गाडीच्या टपावर चिठ्ठी धरून लिहिलं आणि खिडकीतून आत दिली : "ही बाई खोटं बोलते."

त्यांनी ती वाचली. बराच वेळ वाचली, जणू चार ओळी असाव्यात. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. चिठ्ठी स्टीअरिंगच्या मधोमध चिकटवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पण तू उशिरा दिलास."

काच वर गेली. पाच वाजले होते, सगळ्या बिझनेस पार्काच्या गाड्या एकाच फाटकातून बाहेर पडत होत्या. कुंदाताईंची गाडी फाटकाशी सर्वांत आधी पोहोचली आणि थांबली. त्यांनी दिवे लुकलुकवून नायजेलला पुढे जायला सांगितलं. नायजेलने हात हलवला, तूच जा. त्यांनी पुन्हा दिवे लुकलुकवले. नायजेल गेला. मग ग्रॅहॅम गेला. मग पलीकडच्या इमारतीतली, ओळख ना पाळख, अशी एकेक गाडी त्यांनी पुढे सोडली, आणि प्रत्येकाने हात वर करून त्यांचे आभार मानले.

मी वर आलो आणि खिडकीतून खाली पाहिलं. त्या अजून तिथेच होत्या.